ठाण्यात बसून डोंगरातल्या छपराला स्नो गार्ड: पहिलं ड्रॉइंग करण्याआधी

वागळे इस्टेटमध्ये पत्र्याच्या छपरांची ड्रॉइंग करण्यात माझी बरीच वर्षं गेली. रोजचं काम पावसाचं. सोसायटीच्या गच्चीवरची शेड, भिवंडीकडचं गोदाम, कुणाच्या बंगल्याचा पोर्च. पण अधूनमधून हिमाचलच्या डोंगरातली चौकशी येते. मनालीजवळ होमस्टे, नारकंड्याला हॉटेल, अटल बोगदा झाल्यापासून लाहौलकडूनही एखादी. त्यात एक ओळ हमखास असते: ‘स्नो गार्डसकट दर कळवा.’

नवीन लागलेला मुलगा ती ओळ वाचतो, कॅटलॉगमधून एक पाइप आणि चार ब्रॅकेट उचलतो आणि कोटेशनमध्ये टाकून मोकळा होतो. तसं करू नका. छपरावरून एकदम सुटलेला बर्फ म्हणजे कापूस नव्हे. खाली उभ्या माणसाचा जीव जातो, गाडीचं टप बसतं, खालच्या मजल्याचं छप्पर फुटतं. हे टळावं म्हणून स्नो गार्ड असतो, म्हणजे छपराच्या उतारावर आडवा बसवलेला पाइप किंवा अडथळा. तो बर्फ वितळवत नाही, काढूनही टाकत नाही. जागच्या जागी धरून ठेवतो, म्हणजे बर्फ हळूहळू पाणी होऊन उतरतो.

आपला हात पावसाळ्यावर बसलेला आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. ठाण्यात आपण दोनच शत्रू ओळखतो, पाणी आणि वारा. पाणी आढ्यावरून वळचणीला सुसाट गेलं पाहिजे. वारा पत्रा वर उचलतो, म्हणून मुंबई-ठाण्यासाठी सेकंदाला ४४ मीटर हा मूळ वेग धरून आपण स्क्रू मोजतो. ते स्क्रू वर उचलणाऱ्या ओढीसाठी असतात. बर्फाची ओढ निराळी. तो पत्र्याला उतारावरून खाली खेचतो, आणि वाऱ्याच्या झोतासारखा क्षणभर नाही, आठवडेच्या आठवडे. म्हणून प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारा: हे ओझं आता कुणाच्या अंगावर गेलं?

आधी ठरवा, अडवायचा की सोडायचा

मालकाकडून घराचा नकाशा मागवा आणि त्यावर माणसं कुठून चालतात ते खुणा करून घ्या. दार, जिना, पार्किंग, गॅसच्या टाक्या, शेजाऱ्याची भिंत. ज्या पाख्याखाली कुणीच जात नाही, नुसता उतार किंवा शेत आहे, तिथे बर्फ पडू देणं हाच चांगला उपाय असतो. छपरावरचं ओझं आपोआप कमी होतं.

घर अजून कागदावर असेल तर आणखी एक सुचवून पाहा. मुख्य दार पाख्याखाली न ठेवता त्रिकोणी भिंतीच्या बाजूला घ्या. तिथे वरून बर्फ घसरत येत नाही. मी हे दोनदा सुचवलं, एकदा ऐकलं गेलं. त्या घराला गार्ड निम्म्याहून कमी लागले.

तिथली जुनी घरं पाहिलीत तर दगडी पाट्यांची छपरं दिसतील. काठकुणीच्या घरांवर, लाकूड-दगडाच्या थरांच्या भिंतींवर, त्याच पाट्या. त्या खडबडीत असतात, बर्फ धरून ठेवतात. आल्प्समध्ये वळचणीपाशी आडवा ओंडका ठेवायची रीत होती, तोही स्नो गार्डच. रंगीत पत्रा आला आणि प्रश्न वाढला. पत्रा गुळगुळीत, त्यात उन्हाने किंवा खालच्या खोलीच्या उबेने बर्फाचा तळ वितळतो. पत्रा आणि बर्फ यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि अख्खा थर एका दमात सुटतो. म्हणून घसरण हिमवर्षाव चालू असताना क्वचित होते. होते ती नंतर, लख्ख ऊन पडलं की, नेमकी माणसं बाहेर येतात तेव्हा.

छप्पर ते ओझं पेलेल का

गार्ड लावला की जो बर्फ घसरून जाणार होता तो वरच राहतो. आपल्या आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग ४ मध्ये बर्फाचं ओझं दिलं आहे. जमिनीवरच्या बर्फाच्या ओझ्याला छपराच्या आकाराचा गुणांक लावायचा. साध्या दोन पाख्यांच्या छपराला, दोन्हीकडे बर्फ सारखा धरला तर, ३० अंशांपर्यंत तो ०.८ आहे, पुढे उतार वाढेल तसा कमी होत ६० अंशांना शून्य होतो, कारण इतक्या उतारावर बर्फ टिकत नाही असं धरलेलं आहे. पण तुम्ही तो मुद्दाम टिकवणार आहात! युरोपच्या बर्फाच्या संहितेत हे स्पष्ट लिहिलं आहे: छपरावर बर्फ अडवणारं काही असेल तर गुणांक ०.८ च्या खाली आणायचा नाही. तेव्हा ४५ अंशांच्या जुन्या छपराला नंतर गार्ड लावून मागत असतील तर आधी ट्रस (छपराचा सांगाडा) आणि पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्या) नव्याने तपासून घ्या. स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही नसेल तर दर देऊ नका.

बर्फाच्या वजनाचा अंदाज हातात असू द्या. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो. बसलेला २०० ते ३००. पाणी प्यालेला ओला ४०० किलो आणि वरही. ६० सेंटिमीटरचा बसलेला थर म्हणजे दर चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास. नुसती फुटात उंची सांगणाऱ्या ग्राहकाला हे समजावून सांगा. फोटोत दोन फूट दिसतं, वजन दिसत नाही.

आकडा काढा

हे गणित पाठ करा, फार अवघड नाही. गार्डच्या एका रनिंग मीटरवर येणारी ओढ म्हणजे छपरावरच्या बर्फाचं ओझं, गुणिले गार्डपासून आढ्यापर्यंतचं आडवं अंतर, गुणिले उताराच्या कोनाचा साइन. अंतर नकाशावरचं, आडवं घ्यायचं, पत्र्यावर टेप टाकून नाही. पत्रा आणि बर्फ यांतलं घर्षण शून्य धरायचं. पाण्याच्या त्या पापुद्र्यामुळे ते खरंच जवळजवळ शून्य होतं.

उदाहरण घेऊ. समजा इंजिनीअरने जमिनीवरचं ओझं चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन दिलं आहे. गुणिले ०.८, म्हणजे छपरावर २. गार्डपासून आढं नकाशात ५ मीटर. उतार ३० अंश, साइन ०.५. दोन गुणिले पाच गुणिले अर्धा, उत्तर ५ किलोन्यूटन. म्हणजे दर मीटरला सुमारे ५०० किलोची ओढ. घर १२ मीटर लांब असेल तर एका पाख्यावर ६ टन. हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी कॅल्क्युलेटर बंद करून हिशोब पुन्हा पहिल्यापासून केला होता.

आता क्लॅम्प, म्हणजे गार्डचा पाइप पत्र्याच्या शिवणीला धरून ठेवणारी पकड. समजा उभ्या शिवणीचा (स्टँडिंग सीम, कडा वर वळवून एकमेकींत दुमडलेला) पत्रा आहे, शिवणी ५०० मिलिमीटरवर. पुरवठादाराच्या चाचणीत क्लॅम्प ४ किलोन्यूटनला सुटला. फार तर निम्मा धरा, म्हणजे २. प्रत्येक शिवणीवर एक क्लॅम्प, मीटरला दोन, एकूण ४. लागतात ५. एक ओळ पुरत नाही. दोन ओळी करा, एक खाली वळचणीकडे, दुसरी मध्यावर. प्रत्येकीच्या वाट्याला आडवं अंतर अडीच मीटर, ओढ मीटरला २.५, क्लॅम्पला सव्वा किलोन्यूटन. बसलं. पत्र्यावर खूण करताना मात्र अडीच मीटर आडवे म्हणजे ३० अंशांच्या उतारावर २.८९ मीटर, हे फिटरला लिहून द्या.

चाचणीचा आकडा कोणत्या पत्र्यावरचा आहे ते विचारायला विसरू नका. त्याच शिवणीवर, त्याच जाडीच्या, त्याच धातूच्या पत्र्यावर घेतलेली चाचणी पाहिजे. पोलादी पत्र्यावरचा आकडा ॲल्युमिनियमला चालत नाही. आणि नुसतं ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेलं कॅटलॉग बाजूला ठेवा.

पत्रा कशाला धरून आहे?

इथे थोडा वेळ थांबा. माझ्या हातून चूक झाली ती इथेच.

कुल्लू जिल्ह्यातलं एक अतिथीगृह होतं. उभ्या शिवणीचा पत्रा, दोन ओळींचे गार्ड, क्लॅम्पचं गणित वरच्यासारखं चोख. मार्चमध्ये तिथल्या सुपरवायझरने फोटो पाठवले. क्लॅम्प सगळे जागेवर, एकही हललेला नाही. पाइप सरळ. पण आढ्याची टोपी एका बाजूने फाटलेली आणि तिच्याखाली चार बोटं रुंद काळी फट, जिच्यातून आतलं इन्सुलेशन दिसत होतं. पत्रेच गार्डसकट खाली सरकले होते. वळचणीपाशी पत्र्याची टोकं हातभर नाही, पण चार बोटं नक्की बाहेर आलेली. आतल्या दोन खोल्यांची छतं भिजली. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब.

कारण सरळ होतं. उभ्या शिवणीचा पत्रा क्लिपांवर तरंगता ठेवतात, कारण तो उन्हाने लांबतो, थंडीने आखडतो. पोलादाचा ६ मीटरचा पत्रा ५० अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटर लांबतो, ॲल्युमिनियमचा सातच्या आसपास. म्हणून पत्रा एकाच जागी पक्का करतात आणि बाकी क्लिपांवर मोकळा सोडतात. ठाण्यात ती पक्की जागा म्हणजे आढ्यापाशी दोन-तीन स्क्रू. पत्र्याचं स्वतःचं वजन पेलायला ते पुरतात. मी तेच डिटेल हिमाचलला पाठवलं.

वरच्याच उदाहरणात बघा. मीटरला ५ किलोन्यूटन, पत्रा अर्धा मीटर रुंद, म्हणजे एका पत्र्यावर २.५ किलोन्यूटन, अडीचशे किलो. गार्डच्या ओळी एकाच्या दोन केल्या, दोनाच्या चार केल्या, तरी हा आकडा तोच राहतो. ओळी वाढवल्याने क्लॅम्पचं ओझं वाटलं जातं, पत्र्याच्या नांगराचं, म्हणजे त्या पक्क्या जागेचं, नाही. सगळ्या ओळी त्याच एका पत्र्याला धरून लोंबकळत असतात.

म्हणून उभ्या शिवणीच्या पत्र्याच्या प्रत्येक ड्रॉइंगवर नांगराचं वेगळं डिटेल काढा. एका पत्र्यावरचा आकडा लिहा आणि तेवढ्या ओढीला पुरतील इतके स्क्रू त्या पक्क्या जागी दाखवा. ते स्क्रू पत्र्यातून खालच्या पोलादात गेले पाहिजेत. पक्की जागा एकच ठेवा. घाबरून खालच्या टोकालाही स्क्रू मारले तर पत्रा दोन्हीकडून अडकतो, लांबायला जागा राहत नाही, भोकं लंबगोल होतात आणि गळती सुरू.

पुढे ओझं पर्लिनवर जातं. आपली झेड किंवा सी पर्लिन उभ्या ओझ्याला ताठ असते, उताराच्या दिशेने ढकललं की लवकर वाकते. सॅग रॉड, म्हणजे पर्लिन वाकू नयेत म्हणून त्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या सळया, ठाण्यात पुष्कळदा ‘नंतर टाकू’ म्हणून राहतात. तिथे राहून चालणार नाही. नांगर ज्या पर्लिनवर आहे तिचा आकडा इंजिनीअरला स्वतंत्रपणे कळवा.

स्क्रू मारलेला पत्रा असेल तर

आपला नेहमीचा ट्रॅपेझॉइडल (उंच-सखल घड्यांचा) पत्रा पर्लिनला स्क्रूनेच बसवलेला असतो, त्यामुळे तरंगण्याचा प्रश्न कमी. इथे ब्रॅकेट लागतात, आणि त्यांचा एकच नियम: बोल्ट पर्लिनमध्ये गेला पाहिजे. नुसत्या पत्र्याला पकडलेला ब्रॅकेट पत्रा फाडतो. म्हणजे गार्डची ओळ पर्लिन जिथे आहे तिथेच येणार. पर्लिनचा लेआउट कायम होण्याआधी गार्डच्या ओळी ठरवा, नाहीतर मागाहून जादा पर्लिन टाकावी लागते.

भोक पत्र्याच्या उंच घडीवर घ्या, पाणी वाहतं त्या खोलगट भागात नको. खाली ईपीडीएम रबराचा वॉशर. स्वस्तातला पीव्हीसीचा थंडीत कडक होऊन तडकतो. सीलंट न्यूट्रल सिलिकॉन. आंबट वासाचं सिलिकॉन जस्ताचा लेप खातं. हे ठाण्यालाही लागू आहे, तरी आपल्याकडे सर्रास तेच वापरतात.

चिकटवायचे पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे ठोकळेही मिळतात. दिसायला छान, भोक नाही. पण गोंद उबेत आणि कोरड्या, साफ पत्र्यावर लावावा लागतो, आणि पुरता घट्ट व्हायला काही आठवडे जातात. रंगीत पत्र्यावर तर तो रंगाला चिकटतो, पत्र्याला नाही. ओझं आलं की रंगाच्या पापुद्र्यासकट निघून येतो. माणसं चालतात त्या जागेवर मी ते देत नाही.

ओळ कुठे, केवढी

खालची ओळ भिंतीच्या बरोबर वर घ्या, पुढे आलेल्या वळचणीच्या टोकावर नाही. वळचण अधांतरी असते आणि तिच्यावर एक वेगळंच संकट येतं. खोलीच्या उबेने वर वितळलेलं पाणी तिथे पोहोचलं की गोठतं, बर्फाचा बांध तयार होतो आणि मागचं पाणी पत्र्याच्या जोडांत शिरतं. त्याचा इलाज गार्ड नाही. छताखालचं इन्सुलेशन आणि हवेशीर पोकळी, हा इलाज आहे. पण गार्डने त्यात भर घालू नये. पाइपच्या खाली पाणी वाहायला फट हवी. त्या फटीतून बर्फाच्या लाद्या सरकू नयेत म्हणून शिवणींच्या मधोमध पाइपला लटकणाऱ्या छोट्या पट्ट्या मिळतात, त्या घ्या.

गार्ड फक्त दाराच्या वर लावून मागतात, पैसे वाचतात म्हणून. बर्फ सलग थर असतो, एकमेकांना धरून असतो. दोन मीटरच्या तुकड्यावर फक्त वरचाच बर्फ येत नाही, डावी-उजवीकडचाही त्याला टेकतो, आणि त्या तुकड्याच्या टोकाचे क्लॅम्प आधी जातात. पाख्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग ओळ द्या. ग्राहक ऐकत नसेल तर गणित करून दाखवा. पाच-पाचशे किलोचे आकडे कागदावर दिसले की माणसं ऐकतात.

गटरचं थोडक्यात. आपल्यासारखं रुंद गटर पत्र्याच्या रेषेत लावलं तर घसरता बर्फ ते उपटून नेतो. एक तर देऊ नका, किंवा पत्र्याचा उतार पुढे वाढवला तर ती रेषा गटरच्या कडेवरून जाईल इतकं खाली घ्या. चिमणी आणि संडासाच्या व्हेंट पाइपच्या वरच्या अंगाला गार्ड हवाच, बर्फ ते पाइप मुळापासून कापतो. सोलर पॅनेल असतील तर त्यांच्या खालच्या अंगाला वेगळी ओळ, कारण काच पत्र्यापेक्षाही निसरडी.

माल पाठवताना

जस्त-ॲल्युमिनियमच्या लेपाचा पत्रा असेल तर ॲल्युमिनियमचे क्लॅम्प आणि स्टेनलेसचे स्क्रू चालतात. तांबं किंवा पितळ जवळही नको, ओलाव्यात लेप खाऊन टाकतं. क्लॅम्पच्या स्क्रूचं टोक गोल असावं. टोकदार स्क्रू शिवणीला भोक पाडतो आणि गंजाची सुरुवात तिथून होते.

हे स्क्रू अंदाजाने आवळायचे नसतात. क्लॅम्प पकडतो तो फक्त आवळण्याच्या जोरावर. सैल राहिला तर सरकतो, जास्त आवळला तर शिवण चेपते. पुरवठादाराने दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या ठरावीक जोरावर) लावलेला टॉर्क रेंच मालाबरोबर पाठवा, परत मागवण्याचा खर्च दरात धरा. आपल्या शेडमध्ये उरलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर एक क्लॅम्प स्वतः आवळून पाहा. रेंच ‘टक’ करतो तेव्हा हाताला किती जोर लागतो ते एकदा कळलं की फोनवर फिटरशी बोलताना तुमच्या आवाजात खात्री येते.

पेटीत एक कार्ड टाका, हिंदीत, लॅमिनेट केलेलं. त्यावर टॉर्क, ओळींची उतारावरची अंतरं, आणि ठळक अक्षरात: वरच्या टोकाचे नांगराचे स्क्रू पूर्ण झाल्याशिवाय गार्ड लावू नये. दहा टक्के जादा क्लॅम्प द्या, घाटात हरवलेला बोल्ट शोधायला कुणी जात नाही. आणि ट्रक गणपती संपले की लगेच निघेल असं बघा. दसरा-दिवाळीपर्यंत ढकललं तर फिटरला गारठलेल्या पत्र्यावर काम करावं लागतं, आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांना रेंचचा ‘टक’ कळत नाही.